निकेलच्या जोडीला दुसरा धातू कशासाठी? बायोगॅस, कार्बन डायऑक्साइड आणि सिनगॅस

पठारवासी (धागाकर्ता)

गोव्यातील साळगावच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पावरील धाग्यात कोणीतरी विचारले होते की, बायोगॅस जाळून वीज करण्याऐवजी त्यातून रसायने का करू नयेत. तिथे हा विषय अवांतर ठरला असता, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. मी उत्प्रेरकांवर काम करतो, त्यामुळे माझे मत थोडे झुकलेले असणार, हे वाचकांनी गृहीत धरावे.

बायोगॅसमध्ये ढोबळमानाने ५५ ते ६५ टक्के मिथेन आणि उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. हे दोन्ही हरितगृह वायू आहेत, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची तापवण्याची क्षमता वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरली जाते. या दोघांची एकमेकांशी अभिक्रिया घडवली, तर मिथेनच्या एका रेणूमागे कार्बन मोनॉक्साइडचे दोन आणि हायड्रोजनचे दोन रेणू मिळतात. हे मिश्रण म्हणजेच संश्लेषण वायू, अर्थात सिनगॅस. त्यापासून मिथेनॉल, डायमिथाइल ईथर, द्रव इंधने असे बरेच काही करता येते. पाण्याच्या वाफेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला जात असल्यामुळे या प्रक्रियेला ड्राय रिफॉर्मिंग म्हणतात. फिशर आणि ट्रॉप्श या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२८ मध्येच निकेल आणि कोबाल्टवर तिचा अभ्यास केला होता. एवढी जुनी अभिक्रिया अजून कारखान्यांत सर्रास का दिसत नाही, हा खरा प्रश्न आहे.

एक कारण उष्णतेचे आहे. अभिक्रिया उष्णताशोषक असून मिथेनच्या प्रत्येक मोलमागे २४७ किलोज्यूल द्यावे लागतात, आणि समाधानकारक रूपांतरासाठी तापमान ७०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात ठेवावे लागते. दुसरे कारण कार्बनचे आहे, आणि उत्प्रेरकवाल्यांची सारी कारकीर्द त्यातच जाते. मिथेन तुटून हायड्रोजन आणि कार्बन होणे साधारण ५५० अंशांच्या वर सोपे होत जाते. उलट कार्बन मोनॉक्साइडच्या दोन रेणूंपासून कार्बन डायऑक्साइड आणि घन कार्बन होणे ही उष्णतादायी अभिक्रिया असल्यामुळे ती ७०० अंशांच्या खाली जोर धरते. मधल्या पट्ट्यात दोन्हीकडून कार्बन साचतो, आणि भट्टी पेटवताना किंवा थंड करताना त्या पट्ट्यातून जाणे टळत नाही.

या अभिक्रियेसाठी सहसा निकेलचा उत्प्रेरक वापरतात. निकेल स्वस्त आहे आणि मिथेनचा कार्बन-हायड्रोजन बंध तोडण्यात तो तरबेज आहे, पण तोडलेला कार्बन पोटात घेण्याची त्याला सवय आहे. पृष्ठभागावर सुटलेला कार्बन निकेलच्या कणात विरघळतो, कणातून पलीकडे सरकतो आणि आधारद्रव्याच्या (निकेलचे कण ज्यावर बसवलेले असतात त्या पदार्थाच्या) बाजूने तंतूच्या रूपाने बाहेर पडू लागतो. तंतू वाढत गेला की निकेलचा कण त्याच्या टोकावर उचलला जातो. गंमत अशी की, या अवस्थेत उत्प्रेरकाचे काम काही काळ बिनबोभाट चालू राहते, कारण कणाचा पुढचा चेहरा अजून उघडाच असतो. पण नळीतला थर फुगतो, वायूला वाट उरत नाही आणि दाब चढू लागतो. कणाला चारही बाजूंनी वेढणारा कार्बन मात्र थेट क्रियाशीलताच संपवतो. जोडीला कण एकमेकांत मिसळून मोठे होण्याचा त्रास आहेच. निकेलचा वितळणबिंदू १४५५ अंश असला, तरी घन अवस्थेत त्याचे अणू साधारण ५९० अंशांपासूनच चळवळू लागतात आणि आपण त्याला ८०० अंशांवर राबवतो.

रोडियम, रुथेनियम आणि प्लॅटिनम हे मौल्यवान धातू कार्बन फारसा विरघळवून घेत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर हा तंतूंचा उपद्रव कमी होतो. पण त्यांच्या किमती पाहता टनावारी उत्प्रेरकाची गोष्टच करायला नको. म्हणून निकेल मुख्य ठेवून त्यात दुसरा धातू मिसळण्याची वाट निघाली.

माझे म्हणणे एवढेच आहे की, दुसरा धातू अभिक्रियेचा वेग वाढवण्यासाठी घातला जातो हा समज बाजूला ठेवावा. कार्बन तयार होण्याचा वेग आणि तो निघून जाण्याचा वेग यांचा मेळ बसवणे हे त्याचे काम असते, आणि वेगवेगळे धातू ते वेगवेगळ्या मार्गांनी करतात. सोने किंवा कथील घातले, तर ते निकेलच्या कणावरील पायऱ्यांसारख्या कडा अडवून बसतात. कार्बनचे बीज तिथेच रुजत असल्यामुळे ते रुजत नाही, पण मिथेन तोडण्याच्या चांगल्या जागाही थोड्या जातात. सोने आणि निकेलच्या पृष्ठभागीय मिश्रधातूवरचे काम डेन्मार्कमधील संशोधकांनी वाफेच्या रिफॉर्मिंगसाठी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले होते आणि त्याचा उल्लेख आजही होतो. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, टॉप्सो या डॅनिश कंपनीने गंधकाचा नेमका अंश वापरून निकेलची काही केंद्रे जाणूनबुजून बंद करण्याची पद्धत कारखान्यात उतरवली होती. कार्बन जमायला शेजारी-शेजारी असलेल्या निकेल अणूंचा मोठा गट लागतो, मिथेन तोडायला मात्र लहान गटही पुरतो, हे त्यामागचे तत्त्व. गंधक धातू नाही, पण दुसऱ्या धातूचा विचार ज्यांना समजून घ्यायचा आहे त्यांनी सुरुवात तिथून करावी.

लोखंड आणि कोबाल्ट यांची तऱ्हा निराळी आहे. त्यांना ऑक्सिजनची ओढ निकेलपेक्षा अधिक असते. निकेल-लोखंड मिश्रधातूवर कार्बन डायऑक्साइड आला की पृष्ठभागाजवळील लोखंडाचा काही भाग त्याचा ऑक्सिजन घेऊन ऑक्साइड होतो. हा ऑक्साइड शेजारच्या कार्बनला ऑक्सिजन देऊन कार्बन मोनॉक्साइडच्या रूपाने वाटेला लावतो, आणि मोकळे झालेले लोखंड पुन्हा निकेलमध्ये मिसळते. हे चक्र चालू असेपर्यंत पृष्ठभाग साफ राहतो. प्लॅटिनम किंवा रुथेनियमचा अल्पसा अंश आणखी वेगळे काम करतो. त्यावर हायड्रोजन तुटून शेजारी पसरतो आणि ऑक्साइड झालेल्या निकेलला पुन्हा धातुरूपात आणतो.

व्यक्तिशः माझा कल निकेल-लोखंडाकडे आहे. लोखंड स्वस्त आहे, बिनविषारी आहे, आणि गोव्यात लोखंडाची वाण आहे असे कोणी म्हणणार नाही.

डिचोलीची_माती

शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही. आमच्या भागात खाणींच्या काठी कमी प्रतीच्या खनिजाचे डोंगर वर्षानुवर्षे पडून आहेत. तुम्ही म्हणता तसे लोखंड एवढे उपयोगी असेल, तर हीच माती निकेलच्या द्रावणात भिजवून उत्प्रेरक करता येणार नाही का? प्रश्न भाबडा वाटल्यास क्षमस्व.

पठारवासी

प्रश्न भाबडा नाही, पण उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. लोखंड आणि निकेल हे अणूंच्या पातळीवर एकमेकांत मिसळलेले हवेत, तेही काही नॅनोमीटर आकाराच्या कणांत. खनिजातील हेमटाइट, गोएथाइट, सिलिका आणि अल्युमिना यांचे जे गाठोडे असते त्यावर निकेल चढवले, तर निकेल एका बाजूला आणि लोखंड दुसऱ्या बाजूला राहते. शिवाय लोखंडाचे प्रमाण हाताबाहेर जाते. ते जास्त झाले की लोखंड मिश्रधातूतून वेगळे होऊन निव्वळ ऑक्साइडचा थर बनते आणि निकेललाच झाकून टाकते. मिथेन तोडण्यात लोखंड स्वतः मंद आहे, त्यामुळे निकेलपेक्षा ते कमीच असावे लागते.

प्रत्यक्षात आम्ही दोन्ही धातूंची नायट्रेटे पाण्यात विरघळवून ते द्रावण मॅग्नेशिया-अल्युमिनासारख्या आधारद्रव्यात जिरवतो, वाळवतो, हवेत भाजतो आणि मग हायड्रोजनमध्ये तापवून धातुरूपात आणतो. भाजताना भट्टीच्या तोंडाशी तपकिरी धूर दिसतो. तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा असतो, म्हणून हे काम धूर ओढणाऱ्या कपाटातच करायचे. पावसाळ्यात तर इथे वेगळीच कसरत असते. निकेल नायट्रेटचे हिरवे स्फटिक आणि लोह नायट्रेटचे फिकट जांभळे स्फटिक हवेतील ओलावा इतका ओढून घेतात की, तराजूवर ठेवल्या-ठेवल्या आकडा वर सरकू लागतो आणि बाटलीच्या तळाशी खडीसाखर भिजल्यासारखा चिकट गोळा होतो. त्या वजनावर विसंबून निकेल-लोखंडाचे गुणोत्तर मांडले तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. त्यामुळे आधी द्रावण करायचे, त्यातील धातूचे प्रमाण अनुमापनाने (टायट्रेशनने) काढायचे आणि मगच मोजून घ्यायचे, हा आमच्याकडचा शिरस्ता आहे. कोरड्या हवेच्या प्रदेशात लिहिलेल्या कृतींमध्ये ही पायरी सहसा नसते.

भट्टीवाला

मी आयुष्यभर एका खत कारखान्याच्या अमोनिया विभागात रिफॉर्मरवर काम केले, आता निवृत्त आहे. पुस्तकी रसायनशास्त्र धागाकर्त्यांनी नीट मांडले आहे. मी नळीच्या बाहेरून दिसणारी बाजू सांगतो.

वाफेच्या रिफॉर्मरमध्ये निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या उंच नळ्या भट्टीत उभ्या टांगलेल्या असतात, आत निकेलचा उत्प्रेरक भरलेला असतो आणि बाहेरून बर्नर चालू असतात. प्रत्येक पाळीत भट्टीच्या भिंतीतील झरोक्यांची झापडे उघडून, निळी काच डोळ्यांसमोर धरून नळ्या बघत जायचे. निरोगी नळी एकसारखी मंद लालसर दिसते. आत कुठे कार्बन बसू लागला की तिथली अभिक्रिया मंदावते, उष्णता शोषली जात नाही, आणि तेवढाच पट्टा आजूबाजूपेक्षा उजळ, नारिंगी दिसू लागतो. असा पट्टा दिसला की पर्यवेक्षकाला बोलावण्याआधी हात वाफेच्या झडपेकडे जायचा. म्हणूनच आम्ही मिथेनच्या एका कार्बनमागे वाफेचे सुमारे तीन रेणू ठेवत असू. अभिक्रियेला लागतो एकच, बाकीचे दोन कार्बनला धाक म्हणून. ड्राय रिफॉर्मिंगमध्ये हा धाकच तुम्ही काढून घेता आणि मग त्याची भरपाई दुसऱ्या धातूकडून मागता. होईलही, पण नळी कोणाच्या भरवशावर ठेवायची, याचा विचार व्हावा.

दुसरी गोष्ट उत्प्रेरकाची नाहीच, पोलादाची आहे. कार्बन मोनॉक्साइड भरपूर आणि वाफ कमी असा वायू ४५० ते ८०० अंशांच्या दरम्यान पोलादाला भिडला, तर कार्बन धातूत शिरतो आणि धातूचा अक्षरशः भुगा होत जातो. रिफॉर्मरमधून बाहेर पडणाऱ्या वायूची उष्णता परत मिळवण्यासाठी जो बॉयलर बसवतात, तो नेमका याच तापमानातून जातो. तुमचा उत्प्रेरक कितीही काळ टिकला तरी त्याच्या मागचा बॉयलर टिकला पाहिजे. प्रयोगशाळेत नळी क्वार्ट्झची असते, त्यामुळे हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

मांडवीकाठ

चर्चा उत्तम चालली आहे. मी अभियंता आहे, रसायनशास्त्रज्ञ नाही, आणि माझ्या शंका थोड्या रोखठोक आहेत.

उत्प्रेरकांवरील शोधनिबंधांत "८०० अंशांवर ९० टक्के रूपांतर, शंभर तासांत काहीही घट नाही" अशी वाक्ये हमखास असतात. ८०० अंशांवर आणि वातावरणीय दाबाला उष्मागतिकीच सुमारे तेवढे रूपांतर देते. नळीत गरजेपेक्षा जास्त उत्प्रेरक भरला असेल, तर वरचा अर्धा थर मेला तरी खालचा अर्धा समतोल, म्हणजे त्या तापमानाला शक्य असलेले कमाल रूपांतर, गाठून देतो आणि आलेख सपाटच राहतो. मग टिकाऊपणा सिद्ध झाला असे कसे म्हणायचे? त्यात पुन्हा वायू नायट्रोजन किंवा आर्गॉनने पातळ केलेला असतो आणि दाब एक वातावरण. मिथेनॉल करायचे तर वायू ५० वातावरणे किंवा त्याहून अधिक दाबाला न्यावा लागतो. रिफॉर्मिंगच दाबाखाली करावे, तर ही अभिक्रिया दोन रेणूंचे चार करणारी असल्यामुळे दाबाने रूपांतर घटते. म्हणजे तापमान आणखी वाढवा किंवा नंतर दाबयंत्रावर वीज खर्च करा.

आणि मूळ प्रश्न हा की, २४७ किलोज्यूल आणायचे कुठून? २०१८ पासून केंद्राची 'सतत' योजना आहे, त्याखाली बायोगॅस शुद्ध करून, दाबून, वाहनांसाठी किंवा शहरी वायुवितरणात देता येतो. हा मार्ग सरळ असताना सिनगॅसचा आटापिटा गोव्याने का करावा?

पठारवासी

समतोलाबद्दलचा आक्षेप सोळा आणे खरा आहे, आणि आमच्या क्षेत्रात तो पुरेसा गांभीर्याने घेतला जात नाही. तुलना करायची तर रूपांतर मुद्दाम समतोलाच्या बरेच खाली, म्हणजे कमी उत्प्रेरक आणि जास्त प्रवाह ठेवून करावी. तिथे घट लगेच डोळ्यांत भरते. वायू पातळ न करता केलेली मोजमापेच मी स्वतः जमेस धरतो. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०२० मध्ये निकेल-मॉलिब्डेनमचे कण एकसंध मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकांवर बसवून ८०० अंशांवर ८५० तास काम करून दाखवले. हे कण तापल्यावर सरकत-सरकत स्फटिकांच्या कडांवर जाऊन स्थिरावतात, आणि एकदा तिथे बसले की ना वाढतात, ना कार्बन धरतात. म्हणजे कधी-कधी दुसऱ्या धातूइतकेच काम आधारद्रव्याच्या कडा करतात. धातूंच्या जोड्यांचे तक्ते छापणाऱ्यांच्या नजरेतून हे बऱ्याचदा सुटते.

उष्णतेचा हिशेब असा. मिथेन पूर्ण जाळल्यास प्रतिमोल सुमारे ८०२ किलोज्यूल मिळतात. म्हणजे एक मोल मिथेनचे रिफॉर्मिंग करण्यासाठी, उष्णता वाया जात नाही असे मानले तरी, ०.३१ मोल मिथेन जाळावा लागेल आणि तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल; वायू ८०० अंशांपर्यंत तापवण्याचा आणि भिंतींतून जाणाऱ्या उष्णतेचा खर्च वेगळा. कार्बन डायऑक्साइड "गिळणारी" प्रक्रिया म्हणून जी जाहिरात होते तिच्यातून एवढे वजा करूनच ती ऐकावी.

बायोगॅसचे घटकही एकास एक नसतात, हेही यात धरायला हवे. ६० भाग मिथेन आणि ४० भाग कार्बन डायऑक्साइड असेल, तर २० भाग मिथेन जोडीदाराविना उरतो आणि तो कार्बनच्या रूपाने नळीत बसायला मोकळा होतो. त्याच्यासाठी २० भाग वाफ दिली, तर कागदावर १०० भाग कार्बन मोनॉक्साइड आणि १४० भाग हायड्रोजन मिळतो. म्हणजे भट्टीवाला काकांचा धाक थोडा तरी परत येतो आणि कार्बन मोनॉक्साइडच्या तुलनेत हायड्रोजनचे प्रमाणही एकावरून १.४ वर जाते. निव्वळ ड्राय रिफॉर्मिंगमध्ये ते एकाच्याही खाली घसरते, कारण तयार झालेला हायड्रोजन उरलेल्या कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया करून पाणी होतो. त्यामुळे गोव्यातील बायोगॅससाठी विचार करायचाच तर तो वाफ मिसळलेल्या रिफॉर्मिंगचा करावा, असे माझे मत आहे. निकेल-लोखंडाला मात्र यात जपावे लागते; वाफही लोखंडाचा ऑक्साइड करते, आणि मघा सांगितलेले चक्र एका बाजूलाच अडकून पडू शकते.

"गोव्याने का करावा" याचे उत्तर आज तरी "करू नये" असेच आहे. एका कचरा प्रकल्पातून निघणाऱ्या बायोगॅसपुरता रिफॉर्मर, दाबयंत्र आणि मिथेनॉलचा मनोरा उभारणे परवडणार नाही. संशोधनाच्या पातळीवर विषय जिवंत ठेवावा, एवढाच माझा आग्रह आहे.

बोंडू

मी रसायन अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात असून माझा प्रकल्प निकेल-कोबाल्ट उत्प्रेरकावर आहे. दोन शंका आहेत. ओल्या कचऱ्याच्या खऱ्या बायोगॅसवर प्रयोग करायची माझी इच्छा आहे. बाटलीतल्या शुद्ध वायूंऐवजी तो वापरला तर काय बिघडेल? आणि काजू हंगामात हुर्राकासाठी रस काढल्यावर बोंडांचा जो चोथा उरतो, त्याच्या बायोगॅसचा या दृष्टीने काही उपयोग आहे का?

पठारवासी

चोथ्याचा वायू चालेल, पण हंगाम जेमतेम मार्च ते मे. उरलेले वर्ष काय करणार?

खऱ्या बायोगॅसबद्दल सावध राहा. इथल्या ओल्या कचऱ्यात मासळीचे टाकाऊ भाग भरपूर असतात, त्यातील प्रथिनांचे गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन वायूत येते, आणि निकेल, कोबाल्ट दोघेही त्याला बळी पडतात. वर उल्लेख केलेल्या डॅनिश पद्धतीत गंधक मोजून-मापून दिलेले होते. इथे ते रोज बदलत येणार. वायू आधी लोह ऑक्साइडच्या गोळ्यांवरून आणि नंतर सक्रिय कोळशावरून न्या. सौंदर्यप्रसाधने आणि साबणांतून येणारी सिलोक्सेन्स हा आणखी एक शत्रू आहे. ती तापल्यावर वाळूचा पातळ थर उत्प्रेरकावर चढवतात, आणि तो मग कशानेही निघत नाही. आधी शुद्ध वायूंवर तुमचा पायाभूत आलेख करून घ्या, मग त्यात मोजून हायड्रोजन सल्फाइड सोडा आणि सर्वांत शेवटी खरा बायोगॅस आणा. उलट क्रमाने गेलात तर उत्प्रेरक मेला तो कार्बनने की गंधकाने, हे सांगता येणार नाही.

भट्टीवाला

विद्यार्थी मित्राला एक गोष्ट बजावून सांगतो, कारण शोधनिबंधांत ती लिहिलेली नसते. प्रयोग संपल्यावर भट्टी बंद करून सिनगॅस तसाच वाहत ठेवून घरी जायचे नाही. निकेल थंड होत २०० अंशांच्या खाली आला आणि भोवती कार्बन मोनॉक्साइड असला, तर निकेल कार्बोनिल तयार होऊ शकतो. तो अत्यंत विषारी वायू आहे आणि त्याचा परिणाम काही वेळा कित्येक तासांनंतर दिसतो. तापमान वर असतानाच नायट्रोजन सुरू करा, सिनगॅस पूर्ण धुऊन काढा आणि मगच थंड होऊ द्या. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र खोलीत चालू हवे, कपाटात नव्हे. वापरलेला उत्प्रेरक नळीतून काढताच हवेत पेट घेऊ शकतो, म्हणून आधी नायट्रोजनमध्ये थोडी-थोडी हवा सोडून त्याला शांत करा.

बोंडू

काका, मनापासून आभार. आमच्या खोलीत ते यंत्र नाही. ते आल्याशिवाय वायू सोडणार नाही. एक शेवटची शंका: साचलेला कार्बन मोजण्यासाठी उत्प्रेरक हवेत तापवून वजनातील घट पाहायची, एवढे पुरेसे आहे का?

पठारवासी

पुरेसे नाही, आणि निकेल-कोबाल्टसाठी तर मुळीच नाही. हवेत तापवताना कार्बन जळून वजन घटते, पण त्याच वेळी धातूंचे ऑक्साइड होऊन वजन वाढते. कार्बन थोडा असेल, तर निव्वळ आलेखात वजन वाढलेलेच दिसेल आणि तुम्ही "कार्बन नाही" असे लिहून मोकळे व्हाल. न वापरलेला पण हायड्रोजनमध्ये क्षपण केलेला (धातुरूपात आणलेला) उत्प्रेरक त्याच पद्धतीने तापवून त्याची वाढ आधी काढा, ती वजा करा, आणि शक्य असल्यास बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वेगळा मोजा. तो कोणत्या तापमानाला सुटतो तेही टिपून ठेवा. सैलसर, अस्फटिक कार्बन कमी तापमानाला जळतो, तंतूंचा आणि ग्राफाइटसारखा कार्बन बऱ्याच वर. दोन नमुन्यांत कार्बनचे एकूण वजन सारखे असूनही एक उत्प्रेरक चालू आणि दुसरा बंद पडलेला असू शकतो. काढताना थराची उंचीही पट्टीने मोजून वहीत लिहा. थर फुगून क्वार्ट्झच्या लोकरीला वर ढकलत असेल, तर तंतू वाढत आहेत हे त्यावरूनच कळेल.